माळ्यावर सापडलेलं जुनं पिस्तूल वेल्ड करून भिंतीवर लावावं का?

पाऊसवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतो आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विषय थोडा काळजीचा आहे.

सावंतवाडीजवळच्या आमच्या जुन्या घराची कौलं या एप्रिलमध्ये उतरवली. माळ्यावर वाशाच्या बेचक्यात मेणकापडात गुंडाळलेली एक वस्तू निघाली. आत जुन्या धोतराचा फडका आणि फडक्यात पिस्तूल. नळी नऊ इंचांची, टेप लावून मोजली. लाकडी दस्ता, मुठीच्या टोकाला पितळेची जाड टोपी आणि तिला कडी. नळीखालचा लोखंडी गज बिजागरीसारख्या कड्यांनी नळीला जोडलेला आहे, त्यामुळे बाहेर ओढला तरी सुटा होत नाही. उजव्या बाजूच्या पोलादी पट्टीवर मागच्या पायांवर उभा असलेला एक छोटा सिंह कोरलाय, त्याच्या पंजात मुकुट आहे. घोडा गंजून बसलाय.

खापरपणजोबा संस्थानच्या नोकरीत होते एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. पिस्तुलाबद्दल मात्र कुणीच कधी बोललेलं आठवत नाही. काका म्हणाले, "ह्यां बावडीत टाक आणि मोकळो हो." चुलतभावाचा मित्र गॅरेजवाला आहे. तो म्हणतो, नळीत दोन टाके मारतो, मग ती बंदूक राहिलीच कुठे, खुशाल दिवाणखान्यात लाव.

मला लहानपणापासून या वस्तूंचं वेड आहे. शाळेच्या सहलीत पुण्याच्या केळकर संग्रहालयात बारूददाण्यांच्या कपाटापुढून बाईंनी मला हाताला धरून ओढून नेलं होतं. इंग्लंडात लोक 'डीअ‍ॅक्टिव्हेट' केलेली, म्हणजे कायमची निकामी केलेली, पिस्तुलं रीतसर जमवतात असं वाचलं होतं. आपल्याकडे तसं करता येईल का? हे पिस्तूल विहिरीत टाकायला जीव होत नाही, आणि ते घरात आहे म्हणून झोपही लागत नाही. जाणकारांनी मार्ग सांगावा.

रंजक

पाऊसवाट, बाकी सगळं नंतर. आधी त्या गॅरेजवाल्याला थांबवा. आज, आत्ता फोन करा.

तुमच्या वर्णनावरून ही ठासणीची वस्तू आहे, म्हणजे दारू, गोळी, सगळं नळीच्या तोंडातून भरायचं. असली हत्यारं घरात भरूनच ठेवलेली असत, कारण चोर आला तर ठासत बसायला वेळ कुठला? भरणारा माणूस गेला की बार तसाच आत राहतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. तुमचं पिस्तूल मेणकापडात होतं, म्हणजे कुणीतरी ते कोरडं राहावं याची नीट काळजी घेतली होती. भरलेल्या नळीला वेल्डिंगची ज्योत लावली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

भरलेलं आहे का ते असं बघा. पिस्तूल जमिनीवर आडवं, तोंड मातीच्या भिंतीकडे किंवा मोकळ्या रानाकडे, आणि त्या बाजूला कुणी नाही. घोड्याला हात लावायचा नाही. लाकडाची बारीक काठी, लोखंडाची नव्हे, तोंडातून हलकेच आत सरकवा. टेकली की तोंडापाशी खूण करा, बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून धरून बघा. काठी घोड्याखाली तांब्याची छोटी स्फोटक टोपी बसते (मुठीची पितळी टोपी नव्हे) त्या जागेपर्यंत पोचली तर नळी रिकामी. दोन बोटं अलीकडेच थांबली तर आत काहीतरी आहे. तसं असेल तर पुढे काही करू नका. टोकरू नका, पाणी ओतू नका, गरम करू नका, गजाने ठोकू नका. इथे येऊन सांगा.

मुळशीची माती

बापरे! रंजकदादा, माझ्या माहेरी अशी एक ठासणीची दाराच्या वर टांगलेली असायची. आम्ही पोरं दिवाळीत ती घेऊन खेळायचो. आत्ता अंगावर काटा आला.

काळा कोट

मी फौजदारी वकिली करतो, कायद्याचं तेवढं सांगतो. हा सल्ला म्हणून धरू नका, गावचा वकील गाठाच.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा, १९६२ मध्ये लागू झालेला. त्याच्या कलम ३ नुसार बंदूक जवळ बाळगायला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या बंदुकीलाही किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. पूर्वी किमान एक वर्ष होती.

तुमच्या कामाचं आहे कलम ४५. हा कायदा कुठे लागू होत नाही ते त्यात सांगितलंय. त्याच्या 'क' (इंग्रजीत सी) खंडाचा आशय असा: कालबाह्य बनावटीचं, किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं, किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येत नाही, त्याला हा कायदा लागू नाही.

लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि खूश होतात. दुसरा अर्धा वाचा. नुसतं जुनं असून भागत नाही, वापरता न येणं हीसुद्धा अट आहे. त्यातही 'दुरुस्ती करून' हे शब्द फार महत्त्वाचे. टोपीचं चांगल्या स्थितीतलं पिस्तूल कुणी कारागिराने दोन दिवसांत चालू करून दाखवलं, तर "साहेब, हे दीडशे वर्षांपूर्वीचं आहे" एवढ्यावर सुटका होईल या भरवशावर राहू नका.

गॅरेजच्या टाक्यालाही हेच लागू होतं. नळीत वेल्ड केलंय म्हणून ती बंदूक उरली नाही, हे तुम्ही किंवा गॅरेजवाला ठरवू शकत नाही. शिवाय कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती आणि रूपांतर हे परवानाधारकाचं काम. म्हणजे मदत करायला गेलेला तो बिचारा मित्रच अडकायचा.

जुना बाजार

वकीलसाहेबांचा मान राखून वेगळं सांगतो. माझ्याकडे पाच जुनी हत्यारं आहेत, दोन तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुका आणि तीन पिस्तुलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि मुंबईच्या चोर बाजारातून वीस वर्षांत जमवलेली. सगळी दिवाणखान्यात लावलेली. घरी पोलीस खात्यातली माणसंही जेवून गेली आहेत. उगाच घाबरवून लोकांच्या घरातला इतिहास विहिरीत टाकायला लावू नका. आपल्या आजोबांनी अशी किती हत्यारं भीतीपोटी नदीत सोडली त्याला गणती नाही.

काळा कोट

जुना बाजार, विहिरीत टाकायचं मी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. वीस वर्षं कुणी विचारलं नाही ही तुमची पुण्याई आहे. पण शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण होतं आणि तो अर्ज ठोकतो, तेव्हा जेवून गेलेले पाहुणे उपयोगी पडत नाहीत. माझ्याकडे आलेल्या दोन्ही प्रकरणांची सुरुवात घरगुती भांडणातून झाली. एकात तर सख्ख्या भावानेच कळवलं होतं. कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, ही गाळणी कलम ३९ मध्ये आहे, आणि त्या भावाच्या प्रकरणात ती वस्तू त्या गाळणीतच सुटली, खटला झाला नाही. पण तोवर नऊ महिने गेले. त्याची नोकरी सरकारी होती. नऊ महिने त्या घरात काय चाललं असेल याचा विचार करा.

तुमच्या पाचांचे कागद करून घ्या, हे मनापासून सांगतो.

रंजक

जुना बाजार, तुमच्या तीन पिस्तुलांचे फोटो टाका ना. बाजारात 'टॉवर' लिहिलेली, मुकुट आणि 'जीआर' (राजा जॉर्जची अक्षरं) कोरलेली जी पिस्तुलं येतात, त्यातली खूपशी शोभेसाठी बनवलेली असतात. कोरीव अक्षरं उथळ आणि वाकडी असतात, आतली कमान पत्र्याची, आणि नळीला कान पाडलेलाच नसतो. कान म्हणजे रंजकाची (बाहेर पेटवायच्या बारीक दारूची) आग आत जायचं भोक. ते नसेल तर ती कधीच बंदूक नव्हती. वायव्य सरहद्दीकडून आलेल्या नकलांवर तर कधी कधी इंग्रजी अक्षरं उलटी असतात, कारण ठसा कोरणाऱ्याला लिपी येत नव्हती. यात फसवणूक झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. माझी पहिली दोन तशीच निघाली होती.

पाऊसवाट, तुमच्या पट्टीवरचा सिंह मात्र मोलाचा आहे. ती ईस्ट इंडिया कंपनीची खूण. आधी कंपनीच्या हत्यारांवर बदामाच्या आकारात अक्षरं असायची. १८०८ पासून हा मुकुट धरलेला सिंह आला आणि १८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीकडे गेल्यावर बंद झाला. त्यातून तुमचं पिस्तूल टोपीचं आहे. गारगोटीचा चाप जाऊन तांब्याच्या टोपीचा चाप लष्करात आला तो १८४० च्या सुमारास. म्हणजे तुमची वस्तू बहुधा त्या वीसेक वर्षांतली. कडीने जोडलेला गजही तेच सांगतो. घोड्यावर बसून भरताना गज हातातून निसटला तर संपलं, म्हणून स्वारांच्या पिस्तुलांना तो असा बांधलेला असायचा.

मेणकापडात, वाशाच्या बेचक्यात का, याचं उत्तर मला १८५७ नंतरच्या काळात दिसतं. तेव्हापासून लोकांची हत्यारं काढून घेणं सुरू झालं आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने शस्त्र कायदा आणला. त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट. कोडगूच्या (कूर्गच्या) लोकांना मिळालेली सवलत आजही चालू आहे. बाकीच्यांनी हत्यार जमा तरी केलं, नाहीतर लपवलं. तुमच्या घरात कुणीतरी लपवलं असावं. हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो.

आता वेल्डिंगबद्दल. माझा त्याला विरोध आहे तो फक्त धोक्यामुळे नाही. या वस्तूची ओळख तीन ठिकाणी असते: चापाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, नळीच्या खालच्या, लाकडात दडलेल्या बाजूला, आणि दस्त्याच्या खाचेत. तिथे घडवणाऱ्यांच्या खुणा, परीक्षेचे ठसे, जुळणीचे आकडे असतात. कधी कधी लाकडात बनवणाऱ्याची अक्षरंही. वेल्डच्या उष्णतेने नळीचा रंग जातो, लाकूड जळतं, आणि आतलं बघायची वाट कायमची बंद होते. टाका मारायला पाच मिनिटं पुरतात, पण काढता तो कधीच येत नाही.

टेम्सकाठी

इंग्लंडचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी रेडिंगला असतो आणि माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत.

१३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला पिस्तुलांनी मारलं. १९९७ च्या कायद्यांनी इथली खासगी पिस्तुलं जवळपास संपवली. त्यानंतर माझ्यासारख्याला दोनच वाटा उरल्या.

पहिली, १९६८ च्या कायद्यातलं कलम ५८. जुनं हत्यार कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवलं, तर परवाना लागत नाही. तुमच्यासारखं ठासणीचं अस्सल पिस्तूल मी इथे लिलावात घेऊन सरळ घरी आणलंय. वेल्ड नाही, काही नाही. मात्र त्याच्यासाठी दारू आणली आणि उडवायचा विचार केला, तर ती सूट त्या क्षणी संपते. काडतुसाच्या जुन्या हत्यारांना आणखी अटी आहेत. त्यांचं काडतूस आता बनत नाही अशा मापांच्या यादीत असावं लागतं, आणि २०२१ पासून हत्यार १ सप्टेंबर १९३९ पूर्वीचं असावं लागतं. त्याच वेळी यादीतून सात मापं वगळली. गुन्हेगार जुन्या रिव्हॉल्व्हरांसाठी घरी काडतुसं बनवू लागले होते, म्हणून. माझ्या एका मित्राचं शंभर वर्षांहून जुनं, पिढ्यान्‌पिढ्यांचं रिव्हॉल्व्हर त्यात एका रात्रीत परवान्याखाली आलं. त्याला राग आला, मला आला नाही. ज्या पोरांना त्या गोळ्या लागल्या तीही कुणाच्या तरी घरची होती.

दुसरी वाट डीअ‍ॅक्टिव्हेशनची. माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात. २९ एप्रिल १९१६ ला इंग्रज सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि ते तुर्कांच्या कैदेत गेले. परत आले, पण उरलेलं आयुष्य त्यांना कधी पोटभर जेवण गेलं नाही, असं आजी सांगायची. त्यांची म्हणून एकही वस्तू आमच्याकडे नाही. २००९ मध्ये मला एक वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर मिळालं, चौकटीवर १९१६ चा ठसा. शिपायाला पिस्तूल मिळत नसे, ते साहेबांच्या कमरेला असायचं, हे मला माहीत आहे. पण साल तेच आहे. दर २९ एप्रिलला मी ते काढून पुसतो.

ते निष्क्रिय केलंय, प्रूफ हाउसचा (हत्यारं तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचा) शिक्का आणि प्रमाणपत्र दोन्ही आहे. जुन्या पद्धतीत नळी आणि कोठी कायमची बंद करायचे, पण घोडा उचलता यायचा, कोठी फिरायची. हातात घेतलं की यंत्र कळायचं. ८ एप्रिल २०१६ पासून युरोपचा नवा नियम आला. त्यात मुख्य भाग एकमेकांना वेल्ड करतात, जवळपास काहीही हलत नाही. नव्या पद्धतीने केलेलं वेब्ली मी मित्राकडे हातात घेतलं. वजन तेच, आकार तोच, पण आत सगळं एकसंध लोखंड. मला ते दुकानातून कुलूप आणावं तसं वाटलं. माझं जुन्या पद्धतीचं मी ठेवू शकतो, पण विकू शकत नाही, भेट देऊ शकत नाही. द्यायचं तर आधी नव्या नियमाने पूर्ण वेल्ड करून घ्यायचं. लेक अठराची झाली तेव्हा ते तिच्या नावावर करावं असं मनात होतं. राहिलं.

पाऊसवाट, इंग्लंडात मान्यताप्राप्त यंत्रणा, शिक्का, प्रमाणपत्र सगळं असूनही मी सांगतो: ज्याला गरज नाही त्याला वेल्ड करू नका. ठासणीच्या हत्याराला इथेही कुणी वेल्ड करत नाही.

ओसाकावासी

जपानचा कायदा याहून कडक. सर्वसामान्य माणसाला पिस्तूल मिळणं जवळपास अशक्य. तरी माझ्या कंपनीतल्या एका वयस्कर साहेबांच्या घरी तोड्याची बंदूक आहे आणि तिला वेल्डचा डागही नाही.

इथे १९५८ च्या कायद्यात मालकाला परवाना देण्याऐवजी जुन्या वस्तूचीच नोंद करतात, आणि ती पोलीस करत नाहीत, प्रांताचं शिक्षण मंडळ करतं. तज्ज्ञ बघतात, मापं घेतात, कागद देतात. साधारण १८६७ पूर्वीची, जुन्या पद्धतीची असावी लागते. मग तो कागद बंदुकीसोबत राहतो. मालक बदलला की वीस दिवसांत कळवायचं. साहेबांनी मला आधी कागद दाखवला, मग बंदूक.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जपानात पहिली बंदूक १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर आली. तिचा चाप युरोपातल्यापेक्षा गोव्याच्या पोर्तुगीज कारखान्यांतल्या बंदुकांशी जास्त जुळतो, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. ती बंदूक हातात घेतली तेव्हा मला फोंड्याचं आजोळ आठवलं.

मुळशीची माती

वस्तूची नोंद, माणसाची नाही. किती साधं आहे हे! आपल्याकडे का नाही?

न्यूजर्सीचा नातू

माझ्याही आजोबांच्या वाड्यात असंच पिस्तूल आहे. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनवलेलं हत्यार केंद्रीय कायद्यात पुराणवस्तू धरतात. डिसेंबरमध्ये येतोय, सामानातून आणावं म्हणतो. इथे कुणाला अनुभव?

काळा कोट

नातू, आणू नका. अमेरिका घेईलही, पण भारत सोडणार नाही. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्यातून हे पिस्तूल, आणि तेही विमानतळावर. आजोबांची वस्तू आजोबांच्या गावात राहू द्या आणि तिचे कागद तुम्ही सुट्टीत करून द्या. त्यासाठी लागेल ती मदत मी करेन.

पाऊसवाट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल संध्याकाळी रंजकदादांनी सांगितल्याप्रमाणे मोजलं. मागच्या अंगणात, तोंड बांधाकडे, पोरांना घरात कोंडून. नारळाच्या हिराचा जाड दांडा तासून घेतला होता. खूण केली, बाहेरून लावून बघितली.

पावणेदोन इंच कमी.

मी दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग ओसरीवर बसून राहिलो. गॅरेजवाला रविवारी येणार होता.

रंजक

आता हात लावू नका. पिस्तूल आहे तिथेच राहू द्या, वर टोपली वगैरे काही झाकू नका, कुलपाच्या खोलीत असेल तर उत्तम. आतला बार काढणं हे आरमोरर माणसाचं, म्हणजे पोलिसांची हत्यारं सांभाळणाऱ्या जाणकाराचं, काम आहे. गावात कुणी "मी काढतो" म्हणाला तरी नको.

काळा कोट

आणि पिस्तूल पिशवीत घालून चौकीत नेऊ नका. वाटेत ते तुमच्या 'ताब्यात' असतं, आणि भरलेलंही. लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला घरदुरुस्तीत सापडलं, पूर्वजांचं असावं, भरलेलं असण्याची शक्यता आहे, आपण येऊन पंचनामा करावा. फोटो जोडा, सिंहाची खूण स्पष्ट दिसू द्या. कलम ४५(क) चा उल्लेख करा आणि तपासणी करून अभिप्राय मिळावा अशी विनंती करा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय उठू नका.

पाऊसवाट

(साडेतीन महिन्यांनी)

धागा वर काढतो, उशिराबद्दल माफी.

अर्ज दिला. पहिल्या दिवशी पोच द्यायला तयार नव्हते. "तुम्ही इतके दिवस का ठेवलं, गुन्हा दाखल होईल" असं ऐकवलं. काकांचा चेहरा पांढरा पडला. मी काळा कोट यांनी सांगितलेला परिच्छेद वाचून दाखवला आणि बाकावर बसून राहिलो. अडीच तासांनी एक वयस्कर हवालदार आले. त्यांच्या वडिलांकडे शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक होती, दर निवडणुकीला चौकीत जमा करायची. त्यांनी फोटो बघितले, सिंह बघितला, आणि शिक्का मारून दिला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. जिल्ह्याच्या शस्त्रागारातले आरमोरर आले आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीने बार काढला. त्यांच्या परवानगीने मी लांबून बघत होतो. आधी कागदाचा बोळा आला, मग शिशाची गोळी, मोठ्या जांभळाएवढी, वरून पांढरी पडलेली. मग दुसरा बोळा, आणि शेवटी दारू, घट्ट झालेली पण काळीभोर. त्यातली चिमूटभर त्यांनी दगडावर ठेवून पेटवली. भस्सकन पेटली. काकांनी हात जोडले.

पिस्तूल तपासणीला गेलं. गेल्या आठवड्यात अभिप्राय आला: आतली मुख्य कमान तुटलेली, टोपीखालची वाट गंजाने बंद, नळीला तळाशी चीर, कालबाह्य बनावट, दुरुस्तीनंतरही वापर संभवत नाही. परवा सुपूर्तनाम्यावर सही करून घरी आणलं. अभिप्रायाची प्रत लॅमिनेट करून एक कपाटात, एक बँकेत. वेल्ड नाही.

गोळी आणि दारू त्यांनी ठेवून घेतली, नियमाप्रमाणे. कागदाचे बोळे मात्र आरमोररनी मला दिले, म्हणाले, हे तुमचंच आहे.

रंजक

डोळ्यांत पाणी आलं हो. आता एकच करा. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू काहीही लावू नका. पितळ चमकवू नका. कोकणची हवा आहे, तेव्हा लोखंडावर पातळ तेलाचा हात, तोही चिंधीने, लाकडाला न लागता. आणि पावसाळ्यात मेणकापडात ठेवू नका, आत घाम धरतो.

जुना बाजार

मी माझ्या पाचांचे फोटो आणि अर्ज तयार केलेत. काळा कोट, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, जमेल तेव्हा बघा. रंजकराव, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. एका पिस्तुलाला कानच नाही. बाकी चार अस्सल वाटतात.

काळा कोट

पाहिला. शनिवारी फोनवर बोलू.

टेम्सकाठी

पाऊसवाट, त्या कागदाच्या बोळ्यांचं काय केलंत? जुन्या लोकांनी बार दाबायला हाताला लागेल तो कागद वापरला. त्यावर काही लिहिलेलं असू शकतं. पाण्यात घालू नका.

पाऊसवाट

वरचा बोळा भुगाच झाला. आतला, दारूकडचा, मी तसाच काचेच्या बरणीत ठेवला होता. तुमचा प्रतिसाद वाचून काल तो पुण्याला घेऊन गेलो, मोडी शिकवणाऱ्या एका बाईंकडे. त्यांनी दोन तास घालवून चिमट्याने उलगडला. पोस्टाच्या चार तिकिटांएवढा तुकडा. एका कडेला जळल्यासारखा पिवळा डाग, बाकी शाई अजून काळी. मोडीत दोन ओळी. वरची अर्धी गेली आहे, फक्त 'रवाना' वाचता येतं. खालची पूर्ण आहे: 'भात खंडी ३ पैकी पावली २ बाकी १'.

घरी आल्यावर काकांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ तुकडा बघत राहिले, मग म्हणाले, खालच्या मळ्यात अजून तेवढाच भात होता.

फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.